वच्छलाबाईंचा वैताग

मठात गेलं की माणूस शांत होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या मठात एक चातुर्मास काढून बघायला हवा होता. तेलगावच्या शिवारात, ओढ्याच्या काठाला आमचा मठ होता. लोक त्याला बायांचा मठ म्हणत, आणि म्हणताना जरा हसत. गळ्यात तुळशीची माळ असलेली कुठलीही बाई आषाढात तिथे यायची आणि कार्तिकात घरी परत जायची. तेवढ्या काळात पोथी वाचायला शिकायचं, टाळ धरायला शिकायचं, चाली गळ्यात बसवायच्या, आणि जिचं चित्त खरोखर लागेल तिने पुढे कीर्तनाला उभं राहायचं. बाईने गळ्यात वीणा घालायची, ही गोष्ट निजामाच्या मुलखात तेव्हा फारशी कुणी ऐकलेली नव्हती. गुरुमाय मंजुळाबाईंनी ती सुरू केली आणि लोकांच्या हसण्याकडे काणाडोळा करून चालवली. मी सुंदरबाई, तिथे पोथी शिकवायला होते. पण गुरुमायवर बोलणारे पुष्कळ आहेत. मठाची कोठी सांभाळणाऱ्या वच्छलाबाईंवर मात्र कुणी चार शब्द बोलत नाही, आणि मला त्याचा राग येतो.

वच्छलाबाई सिरसाळ्याकडच्या. नवऱ्याने दुसरी बायको केली तेव्हा या भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. एक गाठोडं बांधलं आणि एका चातुर्मासापुरत्या मठात आल्या. पहिल्याच संध्याकाळी पंगतीला करपलेलं वरण आलं. बाकीच्या बाया देवाचा प्रसाद म्हणून मुकाट्याने जेवल्या. वच्छलाबाई उठल्या, चुलीपाशी गेल्या आणि वाढणारीच्या हातातली पळी त्यांनी काढून घेतली. ती पळी मग त्यांच्या हातातून सुटलीच नाही. शिकायला आलेली बाई कोठीत अडकली, आणि अडकवलं कुणी, तर तिचं तिनेच.

त्यांचा वैताग सकाळी चुलीबरोबर पेटायचा. कुणी पीठ सांडलं, कुणी ओलं लाकूड आणून ठेवलं, कुणी डोळे मिटून नाम घेत बसली आणि दूध उतू गेलं. "समाधी लागली म्हनं. मंग ती चुलीजवळच कावून लागती? तिकडं ओढ्यावर बसाया काय झालं?" असं त्या विचारायच्या, आणि समाधीवाली बाई लाजून पातेलं घासायला घ्यायची. लिंबागणेशच्या रतनबाई दरसाल यायच्या. मोठ्या घरच्या, येताना स्वतःच्या तुपाचं गाडगं घेऊन यायच्या आणि उशाशी ठेवून झोपायच्या. पंगतीत वैराग्यावर बोलताना त्यांचं एक बोट त्या गाडग्यात असायचं. वच्छलाबाई त्यांना वाढताना भाकरी जरा उंचावरून टाकायच्या.

"देवाचं नाव घ्याया येत्यात आन् मिठावरून भांडत्यात," हे त्यांचं रोजचं. आणि खोटं काय होतं त्यात? घरातल्या कटकटीला कंटाळून बाया यायच्या आणि आठ दिवसांत तीच कटकट मठात मांडायच्या. कुणाचं जातं, कुणाची आंघोळीची पाळी, कुणाचा टाळ कुणी घेतला. मला स्वतःला कितीदा वाटायचं की पोथी मिटावी आणि कुठंतरी निघून जावं. पण वच्छलाबाईंचं भांडण ऐकलं की मन हलकं व्हायचं, कारण आपल्या मनातलं सगळं दुसरं कुणी तरी आपल्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलतंय असं वाटायचं.

त्या भजनाला यायच्या नाहीत असं नाही. दुपारी डोळ्यांवर झापड येते त्या वेळेचा वीणेचा पहारा कुणालाच नको असायचा, तो त्या घ्यायच्या. वीणा गळ्यात असली की नामाशिवाय तोंडातून दुसरा शब्द काढायचा नाही, हा मठाचा नेम. म्हणून वच्छलाबाईंचा पहारा म्हणजे सगळ्या मठाला विश्रांती असायची.

मानमोडीच्या साथीत घरोघरची माणसं गेली, त्यात कौशल्याचा नवरा गेला. ही मुलगी पुढच्या आषाढात आईबरोबर मठात आली. सासरच्यांनी कार्तिकापर्यंत म्हणून पाठवलं होतं. कार्तिक उलटला, आई घरी गेली आणि कौशल्या राहिली. तिचा आवाज फार गोड होता, पण तो आम्हाला कळायलाच बरेच दिवस गेले, कारण ती बोलायचीच नाही. सगळ्यांच्या आधी उठायची, अंगण झाडायची, पाणी भरायची, दुसऱ्यांची लुगडी धुऊन टाकायची. कुणी नुसतं खोकलं तरी तांब्या घेऊन धावायची.

कोठीला हात हवेच होते. दुसरी कुणी असती तर देवाने धाडली म्हणून तिला चुलीपुढे बसवलं असतं. वच्छलाबाई मात्र तिला कोठीच्या दारातून हुसकून लावायच्या. "हितं कामाला आलीस का शिकाया आलीस? जा, पोथीपाशी बस. सुंदरे, हिला अक्षरं शिकव, न्हाई तर तुझी भाकरी बंद." मला वाटायचं, बाई नुसतीच चिडकी आहे, मदत करणारीलाही सुखाने करू देत नाही. मी कौशल्याला घेऊन बसायचे. ती पोथीकडे बघायची आणि कान चुलीकडे लावायची. पण हळूहळू अक्षरं लागली, मग चाली बसल्या, आणि पुढच्या श्रावणात सप्ताहाच्या वेळी गुरुमायनी तिला पहाटेचा पहारा दिला.

सप्ताहात वीणेचा नेम फार कडक. सात दिवस, सात रात्री वीणा जमिनीला टेकवायची नाही. एकीने दुसरीच्या पाया पडायचं आणि गळ्यातून गळ्यात घालायची. जिच्या गळ्यात आहे तिने जागचं हलायचं नाही, बोलायचं नाही, दुसरी घ्यायला येईपर्यंत नाम सोडायचं नाही. घेणारीच्या गळ्यात माळ हवी. वीणा कुणाच्या हातून खाली आली तर सप्ताह मोडला, आणि ते नाव त्या माणसाला जन्मभर चिकटतं. लहान पोरालाही हे ठाऊक असतं.

त्या एकादशीला कौशल्याच्या सासरहून निरोप आला. तिचा धाकटा दीर अर्जुनराव दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येणार होता. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते, सासू अंथरुणाला खिळलेली, गडीमाणसांच्या भाकऱ्या, दोन म्हशी. घरात राबायला बाई नव्हती आणि हक्काची बाई मठात टाळ कुटत होती. निरोप ऐकून कौशल्या कोठीत जाऊन ज्वारी निवडत बसली. वच्छलाबाई तिला हुसकायला गेल्या, तर तिच्या सुपात टपटप पाणी पडत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा वच्छलाबाईंनी तिला कोठीत बसू दिलं.

"जायचं हाय का तुला?" त्यांनी विचारलं.

कौशल्याने मान हलवली. नाही.

"मंग तसं सांग की त्याला."

यावर तिने मानही हलवली नाही. दिराला तोंडावर नाही म्हणायचं, हे तिला कुणी कधी शिकवलेलंच नव्हतं.

द्वादशीला पहाटे कौशल्याने वीणा घेतली आणि दिवस वर येतो न येतो तोच अर्जुनराव दारात. मोठी पगडी, गळ्यात माळ, कपाळाला बुक्का. भजनी माणूस म्हणून त्याला आसपासच्या गावांत मान होता. बरोबर गाडीवान आश्रुबा. अर्जुनराव मांडवात आला, देवाला दंडवत घातलं आणि गुरुमायना म्हणाला, "वैनीला न्याया आलोय."

"तिच्या गळ्यात वीणा हाय," गुरुमाय म्हणाल्या. "पहारा उतरू दे, मंग बोल."

अर्जुनराव मांडवाच्या कडेला मांडी घालून बसला. भजनी माणूस, त्याला तेवढं कळत होतं.

आणि मग आमच्या मठातल्या बायांना अक्कल सुचली. वीणा गळ्यात आहे तोवर कौशल्याला कुणी हात लावू शकत नाही, हे एकीच्या डोक्यात आलं आणि डोळ्यांनीच सगळ्यांच्या डोक्यात गेलं. पुढची पाळी रतनबाईंची होती. रतनबाईंनी गुडघा धरला आणि ओसरीवर जाऊन त्याला फडकं गुंडाळत बसल्या. त्यांच्या पुढची जी होती तिने आंघोळीला म्हणून ओढा गाठला. तिसरीला एकाएकी धुणं आठवलं. मीसुद्धा पोथी उघडून अशी काही डोळ्यांजवळ धरली की मला बाहेरचं काही दिसूच नये. फार हुशारी केली असं वाटत होतं आम्हाला.

ऊन मांडवात आलं. अर्जुनराव एकदा खाकरला, दोनदा खाकरला. मग उठून उभा राहिला. "किती वेळ चालायचं हे? तुमी मुद्दाम करताव, न कळाया मी काय खुळा हाय? सरळ धाडा, न्हाई तर तहसिलीत दरख्वास्त देतो. बाया पळवायचा धंदा मांडलाय म्हनून लिहितो."

गुरुमायनी टाळ उचलले आणि नामाला साथ धरली.

एवढा आवाज ऐकून वच्छलाबाई कोठीतून बाहेर आल्या. द्वादशीचं पारणं सकाळी लवकर सोडायचं असतं. त्यांनी वरणभात, येसराची आमटी, सगळं रांधून ठेवलं होतं आणि पानावर कुणाचाच पत्ता नव्हता. आधीच त्या तापलेल्या. त्यांनी मांडवात बघितलं. कौशल्या उभी होती, नाम चाललं होतं, पण ओठ पांढरे पडले होते. एकादशीला चिमूटभर भगर खाल्ली असेल तेवढीच. तिचा एक पाय थरथरत होता आणि वीणेच्या दांडीवरची मूठ घट्ट वळली होती. पडली असती तर वीणेसकट पडली असती.

वच्छलाबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला. पण अर्जुनरावावर नाही, आमच्यावर.

"अक्कल गहाण टाकली का गं सगळ्याजनींनी? पोरीला वाचवायचं म्हनून तिलाच उभी जाळताव? सप्ता संपस्तोर अशीच ठिवनार हाव का? रतनबाई, तुमचा गुडघा रातच्याला तर गाडग्यापाशी चांगला वळत व्हता. आन् सुंदरे, पोथी उलटी धरलीस, ती आधी सुलटी कर."

पोथी खरंच उलटी होती.

पण त्यातलं कोण उठणार? जी वीणा घेईल तिच्यामुळे कौशल्या गाडीत बसणार, हे सगळ्यांना कळत होतं. वच्छलाबाईंनाही कळत होतं. त्यांनी पदर कमरेला खोचला आणि त्या अर्जुनरावाकडे वळल्या.

"तुमाला न्यायची हाय न्हवं? मंग तुमीच घ्या की वीणा. गळ्यात माळ हाय, कपाळाला बुक्का हाय. का नुसताच दाखवायला?"

एवढ्या बायांसमोर असं विचारल्यावर कुठला भजनी बुवा मागे सरेल? अर्जुनराव तावातावाने आडावर गेला, हातपाय धुतले आणि येऊन कौशल्यापुढे वाकला. पायांना हात लावताना जरा घुटमळला, पण लावला. वहिनीच्या गळ्यातली वीणा त्याच्या गळ्यात आली. त्याने जोरात नाम सुरू केलं. आवाज चांगला होता, खोटं कशाला सांगू.

वच्छलाबाईंनी कौशल्याचा दंड धरला. "चल, पारनं सोड आधी." मग आमच्याकडे बघून म्हणाल्या, "तुमी बी चला. आमटी काय दिवसभर वाट बघंल?"

आम्ही सगळ्या पंगतीला गेलो. मांडवात एकटा अर्जुनराव उरला. त्याला काय झालंय हे कळायला थोडा वेळ लागला. आधी नाम झोकात चाललं होतं. मग मधेच थांबल्यासारखं झालं, मग पुन्हा सुरू झालं, आणि या खेपेला त्यात जरा घाई होती. वीणा खाली ठेवता येत नव्हती. बोलता येत नव्हतं. जागचं हलता येत नव्हतं. त्याने डोळ्यांनी आश्रुबाला खुणावलं. आश्रुबा बाहेरूनच हात जोडून म्हणाला, "मालक, मपल्या गळ्यात माळ न्हाई. मपलं खानंपिनं तुमाला ठावं हाय."

पंगतीत हसू दाबता दाबता एकेकीला ठसका लागला. रतनबाईंचा गुडघा बरा झाला, त्यांनी भात दोनदा मागून घेतला. गुरुमाय मान खाली घालून जेवत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते. नामाचा आवाज हळूहळू चिडका होत गेला. देवाचं नाव इतक्या रागाने घेतलेलं मी त्यानंतर कधी ऐकलं नाही. जेवणं झाली, उष्टी निघाली, बाया खरकट्या हातांनी दाराआडून डोकावून आल्या. दुपार झाली. अर्जुनराव कधी या पायावर, कधी त्या पायावर. पगडी कपाळावर उतरली होती आणि ती सावरायला हात मोकळा नव्हता.

कौशल्या मात्र हसली नाही. जेवली, हात धुतला आणि सरळ मांडवाकडे निघाली.

"कुटं?" वच्छलाबाई ओरडल्या.

"भाऊजी दमले," ती म्हणाली. "घेते मी."

मी कपाळावर हात मारून घेतला. तिला दुसऱ्याचं दमणं दिसलं की आपलं काय होणार ते दिसायचंच बंद व्हायचं. वच्छलाबाईंनी तिचा हात धरून तिला पायरीवर बसवलं. "उठलीस तर बघ," म्हणाल्या, आणि स्वतः हात धुऊन मांडवाकडे निघाल्या.

आता सगळ्या बाया त्यांच्यावर तुटून पडल्या. "अवो, कावून? उभा ऱ्हाऊ द्या की!" "आधी त्याच्याकडनं कबूल करून घ्या, मंग सोडा!" रतनबाईंनी तर त्यांचा पदरच धरला. आणि मलाही तेच वाटत होतं. हातात आलेला माणूस ही बाई फुकट सोडायला निघाली होती.

वच्छलाबाईंनी पदर हिसकून घेतला. "वीणा हाय का दावं? सकाळी पोरीला बांधली तिनं, आता ह्याला बांधून ठिवताव? कबूल काय करायचं ते तो मोकळा आसताना करंल. गळ्यात देव आडकवून मानूस कोंडायचं आसंल तर बंद करा हा मठ. मी आपली जाते सिरसाळ्याला."

त्या गेल्या, अर्जुनरावाच्या पाया पडल्या आणि वीणा आपल्या गळ्यात घेतली. एका शब्दाने काही मागितलं नाही. आणि नाम सुरू केलं, म्हणजे त्यांचं तोंडही आता बंद झालं. आख्ख्या मठात दिराशी भांडू शकेल अशी एकच बाई होती आणि तिनेच नेमक्या वेळी स्वतःला मुकं करून घेतलं. मला त्यांचा असा संताप आला की सांगता सोय नाही. गुरुमाय वयाने थकलेल्या, आम्ही बाकीच्या दाराआडून बोलणाऱ्या. आता कौशल्याच्या बाजूने कोण बोलणार?

अर्जुनराव मांडवातून बाहेर आला आणि पायरीवर मटकन बसला. पोटऱ्या चोळायला लागला. कौशल्या उठली, तांब्या भरून आणला आणि त्याच्यापुढे ठेवला. त्याने घटाघटा पाणी प्यायलं. आता हा उठणार आणि चला म्हणणार, आणि ही मान खाली घालून त्याच्या मागे जाणार, एवढंच मला दिसत होतं.

"लई पाय भरून आले," अर्जुनराव म्हणाला. आवाजात राग उरला नव्हता, नुसता थकवा होता. "सकाळधरनं कुनी घ्यायलाच आलं न्हाई. सगळ्या दिसत हुत्या, जेवत हुत्या, आन् यिना कुनी. मानसाला कसं हुतं आसं... तुमी कशा उभ्या ऱ्हाता, वैनी?"

कौशल्या त्याच्यासमोर उभी होती. मांडवात वच्छलाबाईंचं नाम चाललं होतं, डोळे आमच्याकडे लागलेले. कौशल्याने मान वर केली आणि दिराकडे बघितलं. इतक्या वर्षांत तिने त्याच्या तोंडाकडे कधी बघितलं असेल असं मला वाटत नाही.

"हितं यील कुनीतरी म्हनून उभी ऱ्हाते, भाऊजी," ती म्हणाली. "तुमच्या घरी बी दिस उगवायच्या आधीपसनं उभीच आसायचे. तितं सगळे दिसायचे, जेवायचे. घ्याया कुनी आलं न्हाई. म्हनून मी न्हाई येत."

अर्जुनराव पोटरीवरचा हात तसाच ठेवून बसून राहिला. आश्रुबाने गाडी जुंपून आणली आणि वैनीसाहेबांचं गाठोडं कुठं ठेवू म्हणून विचारलं. अर्जुनराव एकटाच लंगडत लंगडत जाऊन गाडीत बसला आणि बैल हाक म्हणाला.